रोगमुक्ती आणि कायदा : २००१ ते २०१० या दशकातील संसदीय कायदेकरण व कुष्ठरोगी

१

कुष्ठरोगविषयक कायद्याच्या इतिहासात इ. स. २००८ या वर्षाला वेगळे स्थान द्यावे लागेल. त्या वर्षी ९ फेब्रुवारी रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावानजीकच्या आनंदवनात बाबा आमटे यांचे निधन झाले. जून महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने कुष्ठरोगी व त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव नाहीसा करण्यासंबंधी ठराव केला. ऑक्टोबरमध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने कुष्ठरोगपीडितांचे समाजात एकात्मीकरण व सक्षमीकरण या विषयावरील आपला १३१ वा अहवाल सादर केला. आणि वर्ष संपण्यापूर्वीच सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरोग्यास नगरपालिकेच्या सदस्यत्वास अपात्र ठरविणारी ओरिसाच्या कायद्यातील तरतूद वैध असल्याचा निर्णय दिला.

या चार घटनांपैकी कोणतीही एक दुसरीचे कारण नव्हे. तथापि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता एक प्रश्न उभा राहतो. ज्या रोगाचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याची घोषणा केंद्र सरकारने २००६ च्या आरंभी केली, तो रोग झालेल्या माणसाला सभागृहात बसू न देणारा, विवाहबंधनातून दूर करू देणारा आणि भिक्षेकरी म्हणून डांबून ठेवणारा कायदा त्यानंतरही का टिकून राहिला? वैद्यकाने जे साधले ते कायद्याने का साधले नाही? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील भारतीय संसदेच्या कार्याचे मूल्यमापन या एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वरोरा हे या निरीक्षणाचे स्थान मानण्यामागे कारण आहे. रोगमुक्त माणूस म्हणजे काय, हा प्रश्न ज्या गावाने अर्धशतकाहून अधिक काळ प्रत्यक्ष जगून पाहिला, असे ते गाव आहे.

२

या विषयावरील पहिला अखिल भारतीय कायदा म्हणजे १८९८ चा लेपर्स ॲक्ट होय. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेमध्ये हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला होता आणि १८८९ मध्ये हवाई बेटांतील मोलोकाई येथे फादर डेमियन यांचा त्याच रोगाने अंत झाल्यावर युरोपात मोठी भीती पसरली होती. त्या भीतीतून हिंदुस्थानात पाठविण्यात आलेल्या आयोगाने १८९०-९१ मध्ये देशभर पाहणी करून संसर्गाचा धोका अल्प असल्याचा व सक्तीचे विलगीकरण इष्ट नसल्याचा अभिप्राय दिला. असे असूनही कायदा झालाच. त्याचा रोख सर्व रोग्यांवर नव्हता. रस्त्यावर भीक मागणारा, उघड उपजीविका नसलेला ‘निर्धन महारोगी’ हे त्याचे लक्ष्य होते. अशा माणसास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. विक्रीसाठी अन्न वा वस्त्र तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, भाड्याच्या वाहनातून जाणे इत्यादी गोष्टींना रोग्यास मनाई करता येऊ लागली. म्हणजे आरंभापासूनच या कायद्याचा संबंध रोगापेक्षा दारिद्र्याशी आणि दृष्टीआड करण्याच्या इच्छेशी अधिक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

विदर्भात या दृष्टीला छेद देणारे कार्य स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते. वर्ध्यानजीक दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले व डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली घरोघर पाहणी करून रोगी शोधण्याची आणि त्यांच्यावर घरीच उपचार करण्याची पद्धती तेथे विकसित झाली.

याच परंपरेत वरोऱ्याचे स्थान आहे. मुरलीधर देवीदास आमटे हे व्यवसायाने वकील होते आणि वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. मैला वाहण्याचे काम स्वतः करून पाहणारा हा उपाध्यक्ष पुढे महारोगी सेवा समितीचा संस्थापक झाला. गावाबाहेरच्या ओसाड जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले. त्या काळी वरोरा मध्य प्रदेश राज्यात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, तरी आनंदवनाचे सूत्र बदलले नाही. उपचार संपला म्हणजे प्रश्न संपत नाही. बोटे झडलेल्या हातांना काम, त्या कामाला मोबदला आणि त्या मोबदल्यातून स्वतःचे घर मिळाल्यावरच माणूस रोगातून सुटतो, हे ते सूत्र होय. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, सुतारकाम यांवर ही वसाहत उभी राहिली आणि बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांचे विवाहही तेथे होत आले. या शेवटच्या गोष्टीचे कायद्याच्या दृष्टीने असलेले महत्त्व पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५४ चा विशेष विवाह अधिनियम, १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम आणि १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम संमत केले, तेव्हा या तिन्हींत कुष्ठरोगाला स्थान मिळाले. पहिल्या दोहोंत तो घटस्फोटाचे कारण होता, तर तिसऱ्यात पतीस उग्र स्वरूपाचा कुष्ठरोग असल्यास पत्नीला विभक्त राहून पोटगी मागण्याचा आधार होता. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमातही हा रोग नमूद होताच. हिंदू विवाह अधिनियमाची शब्दयोजना ‘उग्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग’ अशी होती. १९५५ मध्ये या शब्दांना काही वैद्यकीय आधार होता. डॅप्सोन हे औषध नुकतेच प्रचारात येत होते, ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि सांसर्गिक प्रकारचा रोग निश्चितपणे बरा होतो असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने लेप्रोमॅटस प्रकारचा कुष्ठ हा उग्र व असाध्य होय असे मानून घटस्फोट मान्य केला, तो याच ज्ञानाच्या आधारावर.

परंतु १९८१ नंतर परिस्थिती पालटली. जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात तो अंगीकारण्यात आला. औषध सुरू झाल्यावर अल्पावधीतच रोगी संसर्गक्षम राहत नाही आणि सौम्य प्रकारात सहा महिन्यांत, तीव्र प्रकारात एका वर्षात उपचार पूर्ण होतो. म्हणजे कायद्यातील ‘असाध्य’ हा शब्द वैद्यकाच्या दृष्टीने निरर्थक झाला. परंतु न्यायनिर्णयाने त्याला दिलेला अर्थ मात्र कायम राहिला.

या पार्श्वभूमीवर २००१ सालचे कायदेकरण पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट अधिनियम हा स्त्रियांच्या बाबतीत उघड अन्यायकारक होता. पतीला केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मिळे, पत्नीला मात्र त्याच्या जोडीस आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. वाजपेयी सरकारच्या काळात संसदेने २००१ च्या सुधारणा अधिनियमाने हा भेद काढून टाकला आणि स्त्रीपुरुषांना समान कारणे उपलब्ध करून दिली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु समान कारणांची जी नवी यादी मूळ अधिनियमात घालण्यात आली, तीत किमान दोन वर्षे ‘उग्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग’ असणे हेही एक कारण होते. १८६९ च्या अधिनियमात कुष्ठरोगाला हे स्थान नव्हते. रोग बरा होऊ लागून दोन दशके लोटल्यावर, तो असाध्य असल्याचे गृहीत धरणारे कलम एकविसाव्या शतकात नव्याने कायद्यात आले.

हे द्वेषापोटी घडले असे मानण्यास आधार नाही. घडले ते अनुकरणाने. एका धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात समानता आणावयाची तर दुसऱ्या कायद्यातील सिद्ध शब्दयोजना उचलून तेथे बसवावयाची, ही मसुदाकाराची रीत होय. ती श्रम वाचविते आणि वाद टाळते. पण अशा रीतीने उचललेल्या शब्दाबरोबर त्याच्या मागील काळाचे अज्ञानही नव्या कायद्यात शिरते. स्त्रीच्या समान हक्कासाठी केलेल्या सुधारणेने कुष्ठरोगी स्त्रीची स्थिती अधिक दुर्बल केली, हा विरोधाभास त्यातूनच निर्माण झाला.

४

दशकाच्या पूर्वार्धातील राजकीय इच्छाशक्ती कायद्याकडे नव्हे, तर संख्येकडे वळली होती. जागतिक आरोग्य संमेलनाने १९९१ मध्ये रोगप्रमाण दर दहा हजार लोकसंख्येस एकाहून कमी करणे म्हणजे दूरीकरण, अशी व्याख्या स्वीकारली होती. भारताच्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने त्यासाठी २००५ ही मुदत घातली. १९८३ मध्ये दर दहा हजारांस ५७.८ असलेले प्रमाण डिसेंबर २००५ अखेर ०.९५ वर आले आणि उद्दिष्ट साध्य झाल्याचे जाहीर करण्यात आले. लक्षावधी रोगी बरे झाले, ही या काळातील आरोग्यप्रशासनाची मोठी कामगिरी होय व तिचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही या आकड्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. रोगप्रमाण मोजताना विशिष्ट दिवशी उपचार घेत असलेले नोंदणीकृत रोगी तेवढे मोजले जातात. उपचाराचा कालावधी दोन वर्षांवरून एक वर्षावर आणला म्हणजे नव्या रोग्यांची संख्या तीच राहूनही नोंदवहीतील संख्या घटते. घरोघर शोध थांबवून रोग्याने स्वतः दवाखान्यात यावे अशी व्यवस्था केली म्हणजेही ती घटते. या काळात या दोन्ही गोष्टी घडल्या. परिणामी दशकाच्या अखेरीसही देशात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रोगी आढळत होते आणि ही संख्या जगातील नव्या रोग्यांच्या निम्म्याहून अधिक होती. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांची गणना महाराष्ट्रातील अधिक रोगप्रमाणाच्या जिल्ह्यांत होत राहिली.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उपचार पूर्ण झालेला माणूस या मोजणीतून पूर्णपणे बाहेर पडतो. त्याच्या हाताची विकृती, त्याचे तुटलेले घर, त्याच्या मुलीचे न जमणारे लग्न यांना त्या आकड्यात जागा नाही. आरोग्यखात्याच्या दृष्टीने तो बरा झाला. समाजाच्या आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र तो कुष्ठरोगीच राहिला. आनंदवनासारख्या वसाहती या दोन मोजणींमधील अंतरात उभ्या होत्या. दूरीकरणाची घोषणा झाल्यावर या प्रश्नाची राजकीय निकडही ओसरली. जो रोग ‘गेला’, त्यासाठी संसदेचा वेळ कोणी मागावा?

५

याच काळात भारतीय संसदेने हक्काधिष्ठित कायद्यांची एक मालिकाच निर्माण केली, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. माहितीचा अधिकार व ग्रामीण रोजगार हमी हे अधिनियम २००५ मध्ये आणि वनहक्क अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. वनहक्क अधिनियमाखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. या प्रदेशातील आदिवासींच्या वाट्याला ऐतिहासिक अन्यायाची कबुली देणारा कायदा आला. त्याच प्रदेशातील कुष्ठरोग्यांच्या वाट्याला तो आला नाही. आदिवासींच्या मागणीमागे ग्रामसभा होती, देशव्यापी चळवळ होती आणि मतदारसंघांत एकवटलेली मते होती. कुष्ठमुक्तांच्या वसाहती विखुरलेल्या होत्या आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे रहिवासी आपली ओळख लपविण्यातच सुरक्षितता मानीत होते.

अपंगांविषयीच्या १९९५ च्या अधिनियमाचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यातील सात प्रकारच्या अपंगत्वांत ‘कुष्ठमुक्त’ हा एक प्रकार होता. ही मान्यता महत्त्वाची होती. परंतु सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षणाची विभागणी करणाऱ्या कलमात दृष्टी, श्रवण व हालचाल यांसंबंधीच्या अपंगत्वाचाच निर्देश होता. कुष्ठमुक्ताचे नाव तेथे नव्हते. व्याख्येत स्थान आणि लाभात अनुल्लेख अशी ही स्थिती पूर्ण दशकभर राहिली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संमती दिली. पण त्यानुसार नवा कायदा होण्यास २०१६ साल उजाडले.

मुंबई राज्याचा १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक अधिनियमही या दशकात महाराष्ट्रात अंमलात होता. त्यात कुष्ठरोगी भिक्षेकऱ्यास वेगळे काढून स्थानबद्ध करण्याची तरतूद होती. १८९८ च्या कायद्यातील ‘निर्धन महारोगी’ येथे नव्या नावाने वावरताना दिसतो.

या स्तब्धतेला पहिला धक्का बसला तो सरकारी विधेयकाने नव्हे, तर याचिकेने. माजी केंद्रीय मंत्री राम नाईक व इतर यांनी कुष्ठरोगपीडितांच्या वतीने राज्यसभेकडे याचिका सादर केली. नागरिकाने थेट सभागृहाकडे गाऱ्हाणे मांडावे, हे संसदीय पद्धतीतील जुने पण क्वचितच वापरले जाणारे साधन आहे. याचिका समितीने या प्रश्नाचा साकल्याने विचार करून ऑक्टोबर २००८ मध्ये अहवाल दिला आणि विविध अधिनियमांतील भेदभावाच्या तरतुदी काढून टाकण्याची शिफारस केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या अहवालाशी ताडून पाहण्यासारखा आहे. ओरिसातील एक नगरसेवक कुष्ठरोगी असल्याच्या कारणावरून त्याची निवड आव्हानित झाली होती. त्या राज्याचा नगरपालिका अधिनियम १९५० चा होता, म्हणजे बहुविध औषधोपचाराच्या तीन दशके आधीचा. न्यायालयाने तरतूद घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. मात्र रोगाविषयीच्या बदललेल्या ज्ञानाच्या प्रकाशात ती ठेवणे आवश्यक आहे काय, याचा विधिमंडळाने गंभीरपणे विचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. समितीने सरकारकडे बोट दाखविले, न्यायालयाने विधिमंडळाकडे. अधिकारविभागणीच्या तत्त्वाशी हे सुसंगत असेलही. परंतु ज्या माणसाची निवड रद्द झाली, त्याच्या दृष्टीने सर्व संस्था त्याच्या बाजूने बोलल्या आणि त्याची जागा तरीही गेली.

वरोऱ्याच्या नगरपालिकेचा एक उपाध्यक्ष कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन राहिला, ही घटना महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे कुष्ठरोग झालेल्या माणसाने नगरपालिकेत जाऊन बसणे, हा देशाच्या एका भागात २००८ मध्येही कायद्याने निषिद्ध होता. सेवेचा आदर आणि नागरिकत्वाची मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तुलनेवरून ध्यानात येते. बाबा आमट्यांना १९८६ मध्ये पद्मविभूषण आणि १९९९ मध्ये गांधी शांतता पुरस्कार देणाऱ्या शासनसंस्थेने ज्यांच्यासाठी ते कार्य झाले त्यांच्याविषयीचे कायदे मात्र आपल्या नोंदवहीत जसेच्या तसे ठेवले.

६

इतर देशांच्या विधिमंडळांनी याच दशकात काय केले हे पाहणे उद्बोधक ठरेल. जपानने सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द केला होता. मे २००१ मध्ये कुमामोतो येथील जिल्हा न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य होते असा निर्णय दिला. पंतप्रधान कोइझुमी यांच्या सरकारने अपील न करण्याचे ठरविले आणि पुढील महिन्यात तेथील संसदेने नुकसानभरपाईचा कायदा केला. तेथे न्यायालयाने विधिमंडळाचा दोष स्पष्टपणे दाखविला आणि विधिमंडळाने तो स्वीकारला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. ज्या मोलोकाई बेटावर फादर डेमियन यांनी देह ठेवला, तेथील कलाउपापा या द्वीपकल्पावर १८६६ पासून १९६९ पर्यंत सुमारे आठ हजार लोकांना पाठविण्यात आले. त्यांतील पुष्कळांच्या थडग्यांवर नावही उरले नव्हते. तेथील रहिवाशांच्या व त्यांच्या वंशजांच्या मागणीवरून काँग्रेसने २००९ मध्ये या सर्वांच्या नावांचे स्मारक उभारण्यास अनुमती दिली. सार्वजनिक जमिनींविषयीच्या अनेक विधेयकांना एकत्र गुंफणाऱ्या एका विशाल अधिनियमात ही लहानशी तरतूद होती आणि त्यावर ३० मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्वाक्षरी केली. स्वतंत्रपणे पुढे न सरकणारा लहान विषय मोठ्या विधेयकाच्या आधाराने संमत करून घेणे, ही काँग्रेसमधील रूढ रीत आहे.

याच रीतीची दोन रूपे येथे समोर येतात. भारतात २००१ मध्ये मोठ्या सुधारणेबरोबर एक जुना अन्याय कायद्यात शिरला. अमेरिकेत २००९ मध्ये मोठ्या विधेयकाबरोबर एका जुन्या अन्यायाची कबुली कायद्यात आली. दोन्ही वेळी सभागृहाचे मुख्य लक्ष अन्यत्र होते. फरक पडला तो संबंधित लोकांचा आवाज त्या मसुद्यापर्यंत पोहोचला की नाही, यामुळे. कलाउपापाच्या रहिवाशांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत तो पोहोचविला होता. २००१ मध्ये भारतातील कुष्ठमुक्तांच्या वतीने तो मसुदा तपासून पाहणारे कोणी नव्हते.

७

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५६ व्या अहवालात या सर्व तरतुदींचा परामर्श घेऊन भेदभावनिर्मूलनाच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचविला. काही राज्यांनी आधीच रद्द केलेला १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये केंद्रीय पातळीवर रद्द झाला. त्याच वर्षीच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या अधिनियमाने आरक्षणाच्या कलमात कुष्ठमुक्तांचा स्पष्ट निर्देश केला. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये व्यक्तिगत कायद्यांच्या सुधारणा अधिनियमाने पाच अधिनियमांतून कुष्ठरोगाचे कारण वगळण्यात आले. या पाचांत १८६९ चा घटस्फोट अधिनियमही होता. २००१ मध्ये घातलेले शब्द अठरा वर्षांनी काढून टाकावे लागले.

याचिका समितीचा अहवाल आणि ही अंतिम सुधारणा यांच्यामध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला. या विलंबाची कारणे तीन दिसतात. भेदभावाच्या तरतुदी केंद्राच्या आणि राज्यांच्या अनेक अधिनियमांत विखुरलेल्या असल्याने त्यांची जबाबदारी कोणत्याही एका खात्याची नव्हती. दूरीकरणाच्या आकड्याने रोगाचा प्रश्न सुटल्याची समजूत दृढ केली आणि रोगमुक्तांचा प्रश्न झाकोळला गेला. आणि पीडितांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थांचा भर दीर्घकाळ सेवेवर व पुनर्वसनावर राहिल्याने कायदा बदलण्याची मागणी उशिरा पुढे आली.

तिसरे कारण आनंदवनाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. वरोऱ्याच्या त्या वसाहतीने विवाह, व्यवसाय व सहजीवन यांच्या योगाने ‘असाध्य’ या शब्दाचे जे खंडन केले, ते कोणत्याही न्यायनिर्णयापेक्षा अधिक परिणामकारक होते. पण ते वसाहतीच्या सीमेच्या आत होते. सीमेबाहेर कायदाच चालत होता. रोगमुक्त जोडप्याने आनंदवनात संसार थाटला त्या काळात, त्याच रोगाच्या कारणावरून अन्यत्र संसार मोडण्याची मुभा देशाचा कायदा देत होता. या दशकाचा संसदीय इतिहास लिहिताना संमत झालेल्या मोठ्या अधिनियमांबरोबरच न बदललेल्या आणि नकळत वाढविलेल्या अशा लहान कलमांचीही नोंद घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.